मिठाचे सेवन, जनुक-नियमन आणि रक्तदाब

आहारातील मीठ कमी केल्यावर बहुतेक व्यक्तींचा रक्तदाब काही प्रमाणात उतरतो. त्याच वेळी शरीरात मीठ राखून ठेवणाऱ्या जनुकांचे कार्य वाढते. या दोन क्रिया एकमेकींच्या विरुद्ध दिशेने चालतात. त्यांच्यातील तोलावर मीठ कमी केल्याचा लाभ कोणाला किती होईल, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. या प्रक्रियेत जनुकांची मूळ रचना बदलत नाही. त्यांतील माहितीचा वापर किती प्रमाणात होतो, म्हणजेच जनुकांची अभिव्यक्ती, तेवढी बदलते.

मीठ आणि रक्तदाब

खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. १ ग्रॅम मिठात सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असते. सोडियम शरीरात साचले की त्याच्याबरोबर पाणीही साचते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या पाहणीत ३२ देशांतील ५२ केंद्रांवर दहा हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी झाली. भारतातील दिल्ली व लडाख ही केंद्रे तीत होती. २०१३ साली ३४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले, की दिवसाचे मीठ सरासरी ४.४ ग्रॅमने कमी केल्यास उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा दाब सुमारे ५ मिलिमीटर, तर सामान्य रक्तदाब असलेल्यांचा सुमारे २ मिलिमीटर उतरतो.

जनुकांचे नियमन

मीठ कमी मिळू लागताच मूत्रपिंडातील विशिष्ट पेशींत रेनिनचे जनुक अधिक क्रियाशील होते. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक निर्माण करण्यास प्रवृत्त करते.

अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडातील पेशींत शिरून आपल्या ग्राहक-प्रथिनाशी जोडले जाते. ही जोडी पेशीकेंद्रात जाऊन काही जनुकांना चालना देते. त्या जनुकांपासून सोडियम वाहून नेणाऱ्या मार्गिकांची प्रथिने आणि त्या मार्गिकांना टिकवून ठेवणारे ‘एसजीके-१’ हे विकर तयार होते. परिणामी मूत्रावाटे जाणारे सोडियम पुन्हा रक्तात घेतले जाते.

उंदरांच्या मूत्रपिंड-पेशींवरील प्रयोगांत आणखी एक पायरी दिसून आली. सोडियम-मार्गिकेच्या जनुकाजवळील हिस्टोन प्रथिनांवर एरवी मेथिल गट जोडलेले असतात व ते जनुक दबलेले राहते. अल्डोस्टेरॉनमुळे हे गट कमी होतात आणि जनुक खुले होते.

व्यक्तिपरत्वे फरक

ज्यांच्या शरीरात ही मीठ राखणारी यंत्रणा जोरकसपणे जागी होते, त्यांचा दाब मीठ कमी करूनही थोडाच उतरतो. वृद्धांमध्ये तसेच उच्च रक्तदाबाच्या अनेक रुग्णांमध्ये रेनिनचा प्रतिसाद मंद असतो. त्यामुळे त्यांचा दाब अधिक उतरतो. अशा व्यक्तींना ‘मीठ-संवेदी’ म्हणतात. लिडल विकारात सोडियम-मार्गिकेच्या जनुकातच दोष असतो. त्यामुळे गरज नसतानाही मूत्रपिंड सोडियम राखून ठेवते आणि तरुण वयातच रक्तदाब वाढतो.

अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये ही प्रतिक्रिया दबते; म्हणून कमी मिठाच्या आहाराबरोबर ती औषधे अधिक प्रभावी ठरतात.

खान्देशातील आहार

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील आहारात मीठ केवळ भाजी-आमटीतूनच पोटात जाते असे नाही. उन्हाळ्यात वर्षभरासाठी केले जाणारे उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे व कुरडया, तसेच लोणची आणि ठेचा यांतही ते असते. शेवभाजीत रश्शाचे मीठ आणि शेवेतील मीठ अशी दुहेरी भर पडते. पापडखार हाही सोडियमयुक्त क्षार असल्यामुळे चवीला खारट न लागणारे सोडियमही पोटात जाते. सैंधव व काळे मीठ यांचाही मुख्य घटक सोडियम क्लोराइडच असल्याने ते साध्या मिठाला पर्याय ठरत नाहीत.

पोटॅशियममुळे मूत्रावाटे सोडियम बाहेर टाकण्यास मदत होते. जळगाव जिल्ह्याचे प्रमुख पीक असलेल्या केळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. चीनमधील ६०० खेड्यांत झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुमारे एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले.

दक्षता

जळगाव, भुसावळ परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. उष्णतेची सवय झाल्यावर अल्डोस्टेरॉन घामातील सोडियमही कमी करते. तरी उन्हात दिवसभर राबणाऱ्यांची मिठाची गरज घरात बसणाऱ्यांपेक्षा अधिक असते. जुलाब-उलट्यांच्या वेळी मीठ तोडणे धोक्याचे असून त्या वेळी क्षारसंजीवनी द्यावी लागते. मूत्रपिंडाचे विकार असलेल्यांनी, तसेच अँजिओटेन्सिनरोधक औषधे घेणाऱ्यांनी, पोटॅशियमयुक्त मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाची लय बिघडू शकते. कमी प्रमाणात घेतले जाणारे मीठही आयोडिनयुक्तच असावे.