घड्याळ पुढे गेले, मुले अंधारात राहिली

१/
डिसेंबर १९६८. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहर. सकाळचे पावणेनऊ वाजले आहेत, शाळा भरण्याची वेळ जवळ आली आहे; तरीही बाहेर काळोख आहे. दप्तरे घेऊन रस्त्याच्या कडेने निघालेल्या काही मुलांच्या दंडावर चमकणारी पट्टी आहे. शहर तेच, हिवाळाही दरवर्षीचाच. बदलले होते ते फक्त घड्याळ.

२/
ब्रिटनमध्ये उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे करून हिवाळ्यात पुन्हा मागे घेण्याची रीत होती. १८ फेब्रुवारी १९६८ रोजी ती पुढे सरकवण्यात आली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मागे घेतलीच गेली नाहीत. हा तीन वर्षांचा प्रयोग होता. त्याचे नाव ‘ब्रिटिश स्टँडर्ड टाइम’. शेजारच्या युरोपीय देशांशी वेळ जुळावी, व्यापार सोपा व्हावा, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते.

३/
परंतु घड्याळ पुढे सरकवल्याने दिवस लांबत नाही. उजेड फक्त सकाळकडून काढून संध्याकाळला दिला जातो. डिसेंबरात लंडनचा सूर्योदय आठच्या सुमारास होई, तो नऊनंतर होऊ लागला. ॲबर्डीनमध्ये सूर्य उगवायला पावणेदहा वाजत. मुलांची शाळेची वाट अशा रीतीने अंधारात गेली.

४/
अंधारातील रस्ता किती घातक असतो, याचा अनुभव ब्रिटनला नवा नव्हता. १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मन विमानांच्या भीतीने, देशभर ब्लॅकआउट लागू झाला. रस्त्यावरचे दिवे विझले, मोटारींच्या दिव्यांवर झाकणे बसली. बॉम्ब पडण्यापूर्वीच माणसे मरू लागली, ती रस्त्यांवर. त्या एका महिन्यात रस्त्यावरील मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळजवळ दुप्पट झाले.

५/
१९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ जणांचा मृत्यू झाला. आजवरच्या कोणत्याही वर्षातील हा सर्वांत मोठा आकडा. विशेष म्हणजे तेव्हा पेट्रोलचे रेशनिंग होते आणि खासगी मोटारी कमी धावत होत्या. वाहने कमी, बळी अधिक. कारण चालकाला समोरचा माणूस वेळेत दिसतच नव्हता.

६/
सरकारने दोन मार्ग धरले. चालकांसाठी १९४० मध्ये वस्तीच्या भागात रात्री ताशी २० मैलांची वेगमर्यादा आणली. पादचाऱ्यांना सांगितले, अंगावर काहीतरी पांढरे असू द्या. फूटपाथच्या कडा आणि झाडांची खोडे पांढऱ्या रंगाने रंगवली गेली. दुकानांत अंधारात चमकणारी बटणे विकायला आली. ‘मला दिसले, म्हणजे त्यालाही मी दिसलो’ हा पादचाऱ्याचा समज किती खोटा, हे त्या वर्षांनी शिकवले.

७/
युद्धानंतर पांढऱ्या कापडाहून परिणामकारक साधने आली. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला फ्लुरोसंट रंग. तो सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो, म्हणून दिवसा आणि संधिप्रकाशात भडक दिसतो. १९६४ मध्ये ग्लासगोच्या रेल्वेमार्गावर काम करणाऱ्यांना नारिंगी फ्लुरोसंट जाकिटे प्रायोगिक तत्त्वावर दिली गेली, ती याच गुणामुळे. पण रात्री मोटारीच्या दिव्यापुढे या रंगाचा तेज गुण जवळजवळ संपतो.

८/
दुसरा प्रकार परावर्तकाचा. आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीमागे लावतात आणि ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, ती पट्टी. तिच्यात रेडियम नसते. असतात ते काचेचे सूक्ष्म मणी किंवा छोटे लोलक. प्रकाश ज्या दिशेने येतो त्याच दिशेला ते तो परत पाठवतात, म्हणजे थेट चालकाच्या डोळ्यांकडे. हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये पेटंट घेतलेले रस्त्यातील ‘कॅट्स आय’ याच तत्त्वावर चालतात.

९/
१९६८ च्या हिवाळ्यात ही पट्टी मुलांच्या दंडावर आली. तिची गरज साध्या हिशेबात समजते. गडद कोट घातलेला माणूस डिपरच्या उजेडात साधारण ५० मीटरवर आल्यावर दिसतो. ताशी ६० मैल वेगाची मोटार थांबायला, ब्रिटिश वाहतूक नियमावलीनुसार, ७३ मीटर लागतात. म्हणजे मूल दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. परावर्तक पट्टी हेच अंतर १०० मीटरच्या पलीकडे नेते.

१०/
तरीही विरोध पेटला. सकाळच्या अंधारात मुलाला वाहनाने धडक दिल्याची प्रत्येक बातमी ‘नव्या वेळेचा बळी’ म्हणून वाचली जाऊ लागली. शेतकरी, बांधकाम मजूर, पहाटे घराबाहेर पडणारे कामगार आधीच नाराज होते. स्कॉटलंडमध्ये रोष सर्वाधिक होता, कारण अंधाराचा मोठा वाटा उत्तरेच्या पदरी आला होता.

११/
आकडे मात्र वेगळेच सांगत होते. सकाळचे अपघात खरोखर वाढले होते. पण संध्याकाळचे त्याहून बरेच अधिक घटले होते. सकाळी मूल घरातून निघते आणि सरळ शाळेत जाते. संध्याकाळी ते रेंगाळते, खेळते, दुकानात जाते, मित्राच्या घरी वळते. रहदारीही तेव्हा दाट असते. त्या वेळेला उजेडाचा एक तास अधिक मिळाला होता.

१२/
पहिल्या दोन हिवाळ्यांत मृत आणि गंभीर जखमींची संख्या सुमारे २,५०० ने कमी झाली, असा अंदाज पुढे आला. त्यातील सारे श्रेय घड्याळाला देता येत नाही. ऑक्टोबर १९६७ मध्येच मद्यपी चालकांसाठी श्वासचाचणी सुरू झाली होती आणि तिचाही परिणाम याच काळात दिसत होता. पुढील अभ्यासांत हा अंदाज कमी करण्यात आला. पण एकूण हानी घटली, हा निष्कर्ष टिकला.

१३/
२ डिसेंबर १९७० रोजी कॉमन्स सभागृहात मतदान झाले. पक्षादेश नव्हता, प्रत्येक सदस्य आपल्या मनाने मत देणार होता. प्रयोग संपवण्याच्या बाजूने ३६६, विरोधात ८१. सकाळी दगावलेल्या मुलाला नाव होते, छायाचित्र होते, शोक करणारे आईवडील होते. संध्याकाळी वाचलेले मूल घरी येऊन जेवून झोपले होते. आपण वाचलो हे त्याला ठाऊक नव्हते, त्याच्या आईलाही नव्हते. त्याच्या वतीने कोणत्या खासदाराला पत्र जाणार?

१४/
विरोधक निष्ठुर नव्हते आणि प्रयोगाचे समर्थकही नव्हते. खेड्यातल्या, दिवे नसलेल्या रस्त्यावरून चालणाऱ्या मुलाचा धोका खरोखर वाढला होता. देशाची सरासरी सुधारली म्हणून त्याच्या पालकांचे समाधान व्हावे, ही अपेक्षा अवघड होती.

१५/
३१ ऑक्टोबर १९७१ रोजी घड्याळे मागे आली. सकाळी पुन्हा उजेडात शाळा भरू लागली. मात्र लंडनमध्ये डिसेंबरचा सूर्य पुन्हा चारच्या आधी मावळू लागला आणि शाळा सुटल्यावर परतीची वाट काळोखात गेली. दंडावरच्या पट्टीची गरज संपली नव्हती. ती आता सकाळऐवजी संध्याकाळी लागणार होती.