सायनसचा त्रास पुन्हा पुन्हा का होतो? एका जुन्या शोधाची गोष्ट

"डॉक्टर, मला सायनस आहे." रोज ऐकतो. खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात! चेहऱ्याच्या हाडांमधल्या त्या हवेच्या पोकळ्या. त्यांच्या अस्तराला सूज आली की तो सायनुसायटिस, आणि बारा आठवड्यांत बरा झाला नाही तर जुनाट. तुमचा खरा प्रश्न असतो, औषधाने बरं वाटतं, मग पुन्हा तेच का?

नॅथॅनियल हायमोर या इंग्लिश डॉक्टरने १६५१ मध्ये गालाच्या पोकळीचं सविस्तर वर्णन केलं. त्याच्या एका रुग्ण बाईंचा वरचा सुळा काढल्यावर तिथून सतत स्राव येऊ लागला. त्यांनी भोकात पिसाची काडी घालून पाहिली. ती इतकी आत गेली, की मेंदूलाच लागली असं वाटून त्या घाबरल्या. प्रत्यक्षात ती सायनसमध्ये गेली होती. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या तळाला खेटून असतात.

पुढे १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉल्डवेलने आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या ल्यूकने ओठाखालून हाड उघडून आतलं खराब अस्तर खरवडायची आणि नाकात खालच्या बाजूला नवं भोक पाडायची शस्त्रक्रिया मांडली. पू खाली वाहून जाईल, हा साधा हिशोब. अनेक दशकं तीच चालली. तरी कित्येकांचा त्रास परत यायचा.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी त्याचा उलगडा केला. अस्तरावरचे सूक्ष्म केस चिकट स्राव सतत ढकलत असतात, आणि तोही वर, मूळच्या नैसर्गिक तोंडाकडेच. खाली पाडलेल्या भोकाला वळसा घालून स्राव वर जातो! ते तोंड नाकाच्या एका अरुंद बोळात उघडतं. तिथे सूज आली की मागे सगळं तुंबतं. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया हा बोळ मोकळा करते.

म्हणून बोळ कशाने सुजतो ते शोधायचं. ॲलर्जी, धूर, नाकातले कोंब (पॉलिप), कधी बुरशी, कधी वाकडा पडदा. दमा असेल किंवा ॲस्पिरिन सोसत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

मीही सुरुवातीला दर वेळी अँटिबायोटिकच लिहीत असे. एका शिक्षिकेला वर्षात चार कोर्स दिले. तिच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायचा, ते मी नीट विचारलंच नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये दाढेच्या मुळाशी गळू निघालं. दातांच्या डॉक्टरांनी उपचार केले आणि नाक वाहायचं थांबलं.