दीनियातचा तास ते मिलिंदाचे प्रश्न: मराठवाड्यातील कॉलेजांत धर्म कसा शिकवला गेला?

सिंदफणेच्या काठचे आमचे शिरूर कासार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. शेजारचे पाथर्डी मात्र इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. ही सीमा कॉलेजच्या वर्गापर्यंत पोहोचत असे. इकडच्या मुलासाठी राज्याचे स्वतःचे विद्यापीठ एकच होते, हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथे तत्त्वज्ञान शिकायचे ते उर्दूतून.

१९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया हा भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग होता. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतर विभागाने आधुनिक विद्याशाखांची पाठ्यपुस्तके उर्दूत आणली, नव्या संज्ञा घडवल्या. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक खलीफा अब्दुल हकीम यांनी रूमीच्या तत्त्वविचारावर हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवली होती. पण बीड-परभणीच्या घराघरांत बोलली जाणारी मराठी या प्रयोगाच्या दाराबाहेरच राहिली.

आता वेळापत्रकाकडे पाहा. मुस्लिम विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ म्हणजे धर्मशास्त्र सक्तीचे, इतरांना ‘अखलाकियात’ म्हणजे नीतिशास्त्र. वरवर पाहता ही सोय वाटते, काहींना तर उदारताही वाटेल. मला ती तशी वाटत नाही. कोणी कोणत्या वर्गात बसायचे हे विद्यार्थ्याच्या जन्माने ठरत होते. दुसऱ्याचा धर्म जिज्ञासेने शिकावा किंवा स्वतःच्या धर्माला प्रश्न विचारावा, यासाठी त्या तासात जागाच नव्हती.

प्रश्न वर्गाबाहेर उभा राहिला. १९३८ साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सुरुवात केली. बंदी आली, विद्यार्थी मागे हटले नाहीत, मग त्यांना काढून टाकण्यात आले. अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

राज्य गेल्यावर दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. आज बसच्या पाटीवर ही नावे वाचताना त्यांच्यामागचा ग्रंथ सहसा आठवत नाही.

मिलिंद म्हणजे इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. राजधानी सागल, आजचे सियालकोट. पाली भाषेतील ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात तो नागसेन नावाच्या भिक्षूला प्रश्न विचारतो. नागसेन म्हणजे नेमके कोण, केस, नखे की दात? यावर नागसेन राजालाच विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे चाक, आस की जू?

मला मात्र रथापेक्षाही त्यानंतरचा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. नागसेन पुढच्या वादाला बसण्यापूर्वी अट घालतो: विद्वानांसारखा वाद घालणार असशील तर बोलू, राजांसारखा घालणार असशील तर नाही. विद्वान चूक दाखवतात, स्वतःची चूक मान्यही करतात, आणि त्यावरून रागावत नाहीत. राजे मात्र मतभेद करणाऱ्याला दंड फर्मावतात. मिलिंद अट स्वीकारतो. स्वतःच्या विद्वत्तेचा त्याला गर्व होता, तरी उत्तर पटले की तो तसे कबूल करतो.

हा ग्रंथ वाचताना मला १९३८ ची वसतिगृहे आठवतात. तेथे राजाने राजासारखाच वाद घातला होता. बारा वर्षांनी त्याच औरंगाबादेत जे महाविद्यालय उघडले, त्याला नाव मिळाले ते विद्वानांची अट मान्य करणाऱ्या राजाचे.