पास्कलचा नियम आणि पातूरचा घाट

वाशीमहून अकोल्याकडे निघाले की मालेगाव आणि मेडशी मागे पडतात आणि पातूरचा घाट लागतो. घाट फार मोठा नाही, पण वाशीमचे पठार तिथे संपते आणि रस्ता वळणे घेत खाली उतरतो. १९९४ सालच्या मे महिन्यात मी वडिलांबरोबर काळी-पिवळी जीपने या घाटातून चाललो होतो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा १९९८ साली झाला. जीपमध्ये किती माणसे बसली होती हे सांगत नाही, वऱ्हाडातल्या वाचकांना त्याची कल्पना आहेच. अर्ध्या घाटात ड्रायव्हरने एकाएकी खालचा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत उभी केली. ब्रेकचे पेडल पार तळाला गेले होते.

"गुरुजी, बसा घडीभर सावलीत. ब्रेक तापले. थंडे झाले का येतेत वापस," तो वडिलांना म्हणाला. आणि खरोखरच पाऊण तासाने ब्रेक परत आले. आम्ही अकोल्याला सुखरूप पोहोचलो.

वडील शाळेत विज्ञान शिकवत. घरी परतल्यावर ते म्हणाले, "द्रव दाबला जात नाही असे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. मग ते पेडल खाली गेले कसे? आणि परत आले कसे?" या दोन प्रश्नांची उत्तरे मिळायला मला पुढे बरीच वर्षे लागली, कारण ती पाठ्यपुस्तकातल्या पास्कलच्या नियमात पुरती सापडत नाहीत.

फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल १६६२ साली वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्यानंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असावीत, एक दुसऱ्याच्या शंभर पट मोठे, आणि दोन्हींत दट्ट्या असावा; लहान दट्ट्यावर रेटणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभरांच्या बरोबरीचा ठरेल, असे त्यात आहे. विचार असा तयार असूनही यंत्र व्हायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला. अडचण तत्त्वाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढला की पाणी दट्ट्याच्या कडेने निसटे. इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ साली द्रवचलित दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्लेने कातड्याची वाटी दट्ट्याला बसवली, असे मानले जाते. वाटीचे तोंड दाबाच्या बाजूला असते. दाब जितका वाढेल तितकी तिची कड नळीला घट्ट चिकटते. म्हणजे गळतीला कारण होणारा दाबच गळती थांबवतो. आज जीपच्या ब्रेकमध्ये असलेले रबरी 'वायसर' किंवा 'कप' हे याच वाटीचे वंशज होत.

मोटारीला द्रवाचे ब्रेक लावण्याचे श्रेय मुख्यत्वे माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाला दिले जाते. विमानांच्या धंद्यामुळे प्रसिद्ध झालेल्या भावांपैकी हा एक. त्याने १९१७ साली पेटंट घेतले. त्या वेळी ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जात. चारही तारा सारख्या ताणलेल्या राहणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे ब्रेक मारला की गाडी एका बाजूला खेचली जाई. द्रवाला ताणाताणी ठाऊक नसते, तो चारही चाकांकडे एकच दाब नेतो. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. १९२४ साली क्रायस्लरने आपल्या मोटारीसाठी कातडी वाट्यांच्या जागी रबरी वाट्या वापरून गळती आटोक्यात आणली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपलाही हेच ब्रेक होते. डोंगर, चिखल, वाळू कशातूनही जाणारी ही गाडी महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत जुळवायला सुरुवात केली. आमची काळी-पिवळी त्याच घराण्यातली.

आता हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण वास्तवापासून फार दूर नाहीत. ड्रायव्हरने पेडलवर २० किलोचा भार दिला. पेडलची तरफ तो पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल तर द्रवावरचा दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो. चारही चाकांत मिळून आठ दट्ट्या आहेत, प्रत्येकी ५ चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक दट्ट्या ब्रेकच्या लायनरला १२५ किलोच्या जोराने ड्रमवर दाबते. पायाच्या २० किलोंचे एकूण १००० किलो झाले. हे फुकट मिळत नाही. आठही दट्ट्या १ मिलिमीटर सरकायच्या तर ४ घन सेंटिमीटर द्रव लागतो. तेवढ्यासाठी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या १ सेंटिमीटर आणि पेडल ५ सेंटिमीटर खाली यावे लागते.

समजा नळीत ४ घन सेंटिमीटर हवा शिरली. २५ किलो दाबाखाली तिचे आकारमान बॉइलच्या नियमाने सुमारे सव्विसाव्या हिश्शावर येईल. म्हणजे जवळजवळ ४ घन सेंटिमीटर द्रव केवळ हवा आकसवण्यात खर्ची पडेल आणि पेडल आणखी सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल. गाडीच्या तळाशी तेवढी जागाच नसते. 'हवेमुळे दाब पोहोचत नाही' असे गॅरेजमध्ये सांगतात, आणि विद्यार्थीही परीक्षेत लिहितात. ते बरोबर नाही. पास्कलचा नियम हवेलाही लागू आहे. दाब पोहोचतोच, फक्त तो निर्माण होण्याआधी पेडलची फेरी संपते. द्रवही थोडा दाबला जातो बरे का. पण या दाबाला २०० घन सेंटिमीटर ब्रेक ऑइल साधारण पाव घन सेंटिमीटरने आकसते. वडिलांचे फळ्यावरचे वाक्य व्यवहारापुरते खरे होते.

पण आमच्या जीपमध्ये हवा शिरली नव्हती. हवा असती तर सावलीत बसून गेली नसती. ती वाफ होती.

भरलेली जीप २००० किलोची धरा आणि घाटात ती २०० मीटर खाली आली असे समजा. तिची सुमारे ३९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठे तरी गेली पाहिजे. एवढ्या उष्णतेत २५ अंशांचे १२ लिटर पाणी उकळीला येते. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा दंडक एवढ्यासाठीच: काही ऊर्जा इंजिनात जिरते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणाऱ्याची जवळजवळ सगळी उष्णता ड्रममध्ये उतरते आणि तिथून चाकाच्या सिलिंडरमधल्या द्रवात.

त्या द्रवाचा इतिहास मला दाबाच्या इतिहासापेक्षा जास्त गमतीचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ब्रेकमध्ये बऱ्याचदा एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. एरंडेलच का? खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, एरंडेलाने फारसे फुगत नाही. शिवाय एरंडेलातल्या मुख्य मेदाम्लात हायड्रॉक्सिल गट असल्याने ते अल्कोहोलमध्ये विरघळते. एका परीक्षानळीत एरंडेल आणि दुसरीत शेंगदाण्याचे तेल घेऊन दोन्हींत स्पिरिट घाला, जवळ ज्योत ठेवू नका, आणि हलवून पाहा. फरक वर्गाला लगेच दिसेल. दोष एवढाच की अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळते. म्हणून पुढे ग्लायकॉल ईथरचे ऑइल आले. डब्यावर 'डॉट ३' लिहिलेले कोरडे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, 'डॉट ४' २३० पर्यंत.

कोरडे हा शब्द महत्त्वाचा. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषते, रबरी होजमधूनसुद्धा. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की 'डॉट ३'ची हमी १४० अंशांवर येते, 'डॉट ४'ची १५५ वर. मग पाणी शोषणारा द्रव मुद्दाम का निवडला? कारण न विरघळलेले पाणी जड असल्याने सर्वांत खालच्या जागी, म्हणजे तापणाऱ्या चाकाच्या सिलिंडरमध्येच थेंब होऊन बसेल. तिथे १०० अंशांना उकळेल आणि गंजही आणील. पाणी सगळीकडे थोडे थोडे विरघळलेले बरे, अशी ही तडजोड आहे. काही पावसाळे पाहिलेले ऑइल मात्र उन्हाळ्यातल्या घाटात उकळू शकते. पाय उचललेला असताना, दाब नसताना वाफेचे बुडबुडे धरतात; पुढच्या वेळी पेडल ते बुडबुडे आकसवण्यातच तळाला जाते. थंड झाल्यावर वाफेचे पाणी होऊन ते ऑइलमध्ये विरघळते आणि मागे काही खूण राहत नाही. म्हणूनच तो ड्रायव्हर निर्धास्त होता. युद्धकाळच्या जीपला चारही चाकांना मिळून एकच वाट होती. एका ठिकाणी बिघाड म्हणजे सगळे ब्रेक गेले. १९६८ पासून अमेरिकेत मोटारींना दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या. आज 'बाहा' स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधतात त्या खडतर रस्त्यांच्या गाड्यांनाही दोन वाटा लागतात, आणि ब्रेक मारताच चारही चाके जाम झाली नाहीत तर गाडी तपासणीतच अडते.

आमच्या ड्रायव्हरने त्या दिवशी अकोल्यात बाटलीतले थोडे ऑइल वरच्या डबीत ओतले. त्याचा उपयोग नव्हता. इंजिन ऑइल पंपाने फिरत राहते. ब्रेक ऑइल फिरत नाही, जागच्या जागी मिलिमीटरभर पुढेमागे होते. चाकापाशी पाणी मुरलेले ऑइल वर्षानुवर्षे तिथेच राहते. ते निपलमधूनच बाहेर काढावे लागते, म्हणजे 'एअर काढणे' आणि ऑइल बदलणे ही एकाच रीतीची कामे आहेत. दोन माणसे लागतात. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करायचे. आधी निपल बंद, मगच पाय वर, नाही तर हवा उलटी आत जाते. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. वरची डबी मध्येच रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. नळीतून आधी तपकिरी ऑइल येते, मग बुडबुडे, मग नवे, फिकट पिवळे.