घर बदलले, संगणकाचा पत्ता मात्र जुनाच

वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, विशेषतः १९५० साली सुरू झालेल्या तेथील ललित कला विद्याशाखेत, देशभरातून विद्यार्थी येतात. फतेगंजसारख्या विद्यापीठालगतच्या भागात खोली घेऊन राहणारे अनेक जण घरचा संगणक सोबत नेतात. घरी सुरळीत चालणारा संगणक नव्या खोलीतील वायफायशी जोडला जातो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. अर्जाची मुदत संपत आलेली असताना असे घडले, की संगणकच बिघडल्याचा समज होतो. पुष्कळदा दोष असतो तो जुन्या घरासाठी केलेल्या एखाद्या नोंदीत.

पत्ता कोण देतो?

घरातील प्रत्येक उपकरणाला राउटर एक आयपी पत्ता देतो. त्यासाठीची ‘डीएचसीपी’ ही पद्धत १९९३ साली प्रसिद्ध झाली. तथापि, प्रिंटर किंवा सामायिक फोल्डरच्या सोयीसाठी काही घरांत संगणकाचा पत्ता हाताने कायम केलेला असतो. समजा, फोंड्यातील घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि वडोदऱ्यातील खोलीच्या राउटरचा १९२.१६८.०.१. अशा वेळी संगणक जुन्याच राउटरचा शोध घेत राहतो. वायफायची खूण पूर्ण दिसते, तरी माहितीची ये-जा होत नाही.

तपासणीचा क्रम

प्रथम मोबाइलचा डेटा बंद करून तो त्याच वायफायवर चालवून पाहावा. मोबाइलही चालत नसल्यास राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक न पडल्यास सेवादात्याला कळवावे.

मोबाइल चालत असल्यास संगणकाच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. अशा वेळी ती जोडणी ‘फर्गेट’ करून पासवर्ड नव्याने घालावा.

पत्त्याचे पहिले तीन आकडे मोबाइलला मिळालेल्या पत्त्याशी जुळत नसतील, तर विंडोज ११ मधील ‘आयपी असाइनमेंट’ हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’ करावा. पत्ता योग्य असूनही संकेतस्थळे उघडत नसल्यास ‘डीएनएस’ची नोंदही त्याच रीतीने स्वयंचलित करावी. त्यानंतर जुना प्रॉक्सी किंवा व्हीपीएन चालू राहिला आहे का, हे पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि मूळ नोंदी कागदावर उतरवून ठेवाव्यात. सुटीत घरी परतल्यावर त्यांची गरज पडते.

राउटरविना केबल थेट संगणकाला जोडलेली असेल, तर आणखी एक शक्यता उरते. काही सेवादाते विशिष्ट उपकरणाच्या ‘मॅक’ पत्त्यालाच जोडणी देतात. नव्या संगणकाची नोंद त्यांच्याकडूनच करून घ्यावी लागते.

घाई नको

‘नेटवर्क रीसेट’ हा अखेरचा उपाय होय. त्यात जतन केलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात आणि व्हीपीएन पुन्हा बसवावे लागू शकते. संगणक फॉरमॅट करण्याचा सल्ला मात्र तत्काळ स्वीकारू नये. चुकीची नोंद दुरुस्त करणे काही मिनिटांचे काम असते. प्रत न ठेवता फॉरमॅट केल्यास विद्यार्थ्याची कित्येक वर्षांची रेखाटने, टिपणे आणि छायाचित्रे कायमची गमावली जाऊ शकतात.