राणीच्या बागेचा बेत

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी सोलापूरहून येणार आहे. तिची दोन्ही मुलं फोनवर एकच विचारतात, "नाना, पेंग्विन दाखवणार ना?" दाखवणार, बाबांनो. पण कागद-पेन्सिल घेऊन बेत आखायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की आमच्या घरात प्रत्येकाची राणीची बाग वेगळी आहे. नातवंडांची पेंग्विनची, माझी दगडी हत्तीची, आणि ऐंशी पार केलेल्या अम्मीची एका झाडाची.

अम्मीच्या झाडाकडे येईनच. आधी बागेविषयी थोडं सांगतो, कारण तिकडे जाणाऱ्या दहांपैकी नऊजणांना ती प्राण्यांची बाग वाटते. ती मुळात झाडांची बाग. आणि भायखळ्याचीसुद्धा नव्हे, शिवडीची. शेती आणि बागायतीत रस असलेल्या मंडळींची एक सोसायटी मुंबईत होती. तिला 1835 च्या सुमारास शिवडीला जमीन मिळाली आणि देशोदेशीची रोपं तिथे लावली गेली. पुढे शहर वाढलं, मरणाऱ्यांनाही जागा कमी पडू लागली, आणि 1860 च्या दशकात ती जमीन युरोपियनांच्या दफनभूमीसाठी गेली. बागेने भायखळ्याला बिऱ्हाड हलवलं. माझगावच्या माउंट इस्टेटमधली 33 एकर जमीन तिच्या वाट्याला आली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. सरकारी नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी त्याची 'राणीची बाग' करून टाकली. आता तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव आहे, तरी लोक 'राणीची बाग'च म्हणतात. बदल झाला तो राणीत, बागेत नाही!

सोसायटी पुढे मोडली. 1873 मध्ये नगरपालिकेने बाग आपल्याकडे घेतली. पिंजरे आले ते 1890 मध्ये, शेजारची 15 एकर जोडून. म्हणजे झाडं अठ्ठावीस वर्षांनी मोठी. आपण मात्र पाहुण्यांना भेटून परततो आणि घरच्या माणसांना रामराम-सलामही करत नाही.

दारातच डाव्या-उजव्या हाताला इतकं काही आहे की मुलांना थोपवणं कठीण. तरी मी त्यांना आधी संग्रहालयाच्या आवारातल्या त्या हत्तीपाशी उभं करणार आहे. घारापुरी बेटावरचा हा हत्ती. पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटलं ते याच्यामुळे. 1864 मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. तुकडे कोण नेणार? ते या बागेत आले, आणि 1914 मध्ये सांधून पुन्हा हत्ती उभा राहिला. सांधे नीट पाहिले तर आजही दिसतात. फुटला म्हणून वाचला, असा हा एकच हत्ती माझ्या माहितीत आहे. मागे काळा घोडाही आहे. एडवर्ड राजाचा हा पुतळा 1965 मध्ये फोर्टातून इथे आणला. तिकडे नाव उरलं, इकडे घोडा.

संग्रहालय 1872 चं. त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड यांचा मोठा वाटा. 1975 पासून ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखलं जातं. आत जुन्या मुंबईच्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत, ते चुकवू नयेत.

आता अम्मीचं झाड. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वडील गिरणीत साचे चालवायचे, आग्रीपाड्याच्या चाळीत एक खोली, माणसं नऊ. बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, आग्रीपाडा, मदनपुरा, नागपाड्यातून सारा लोंढा राणीच्या बागेकडे निघायचा. आम्ही पोरं वडिलांबरोबर वाघ बघायला धावायचो. अम्मी कधीच आली नाही. एका मोठ्या झाडाखाली चटई टाकून, बुरख्याचा नकाब वर करून, पाय लांब पसरून ती नुसती बसायची. त्या खोलीत पाय पसरायला जागा कुठे होती? वर्षभरात पाय पसरून बसायचे तिचे तेवढेच तास.

झाडाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. "संध्याकाळी हे पानं मिटतं. मिटायला लागलं की समजायचं, घरी जायची वेळ झाली," एवढंच ती सांगायची. अम्मीचं घड्याळ! पुढे कळलं, तो वर्षावृक्ष, म्हणजे रेनट्री. मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा, छत्रीसारखा पसरणारा. उजेड कमी झाला की याच्या पानांच्या जोड्या खरोखरच मिटतात.

मला धास्ती होती ती वेगळीच. गेल्या काही वर्षांत मुंबईतले असे शेकडो वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाच्या किडीने वाळून गेले. आणि 2007 च्या सुमारास या बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायची मोठी योजना पुढे आली, तेव्हा झाडांच्या काळजीने काही नागरिक, त्यांत बऱ्याच स्त्रिया, कंबर कसून उभ्या राहिल्या. त्यांनी झाडं मोजली, ओळखली, त्यांच्यासाठी भांडल्या. मूळ योजना तशीच्या तशी आली नाही. पेंग्विन मात्र आले. जुलै 2016 मध्ये सोलहून आठ, आणि मार्च 2017 पासून लोकांना दिसू लागले. मुलांचा आनंद मी हिरावणार नाही. शिवडीहून बाग इथे आणता आली कारण रोपं लहान होती. आता उर्वशी, कैलासपती, गोरखचिंच यांना उचलून कुठे नेणार?

म्हणून परवा मी एकटाच जाऊन पाहून आलो. अम्मी सांगते त्या अंगाला दोन वर्षावृक्ष दिसले. एक हिरवागार, दुसऱ्याच्या बऱ्याच फांद्या छाटलेल्या. तिचा कोणता, मला सांगता येईना. कैलासपतीची फुलं थेट खोडावर लटकलेली दिसली, ती नातवंडांना नक्की दाखवायची.

बेत असा ठरलाय. बुधवारी बाग बंद असते, म्हणून गुरुवार. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून आम्ही चालू, अम्मीला टॅक्सी. आधी हत्ती, मग झाडं, ऊन चढलं की पेंग्विनच्या थंडगार खोलीत मुलं. तोवर मी अम्मीजवळ बसेन.

काल तिला हे सगळं वाचून दाखवलं. झाडं दोन आहेत, हेही सांगितलं. ती म्हणाली, "मी बसल्यावर सांगते कुठलं ते. तू चटई घे."