नावाची पट्टी

यंदा स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करण्याचे काम मंडळाने माझ्या गळ्यात घातले. पावतीपुस्तक घेऊन इटारसीच्या बाजारात फिरताना एका किराणा दुकानात गल्ल्याच्या वर जाड पुठ्ठ्यावरची लक्ष्मी दिसली. तिच्या पायाशी दोन बोटे रुंदीच्या पट्टीत दुकानाचे नाव छापलेले. "दादाजी के ज़माने की है," सेठजी म्हणाले.

आमच्या घरीही अशीच एक लक्ष्मी आहे. आजोबांचे वर्ध्याला कापडाचे दुकान होते. दिवाळीला ते गिऱ्हाइकांना असे पुठ्ठे वाटत. माझ्या जन्माआधीच दुकान बंद झाले, बाबा रेल्वेत लागले आणि ती लक्ष्मी आमच्याबरोबर क्वार्टरमागून क्वार्टर फिरली.

या चित्रांची कुळकथा मोठी आहे. राजा रविवर्मांनी आपली चित्रे छापून घरोघर पोहोचवावीत, हा सल्ला त्यांना दिला तो सर टी. माधवराव यांनी. हे त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण, तंजावरी मराठी घराण्यातले. म्हणजे आपल्यासारखेच मुलुखाबाहेरचे मराठी! रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्यापैकी अनेकांची गाडी त्या स्टेशनावरून गेली असेल. विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी तिथल्या कामात होते. १९७२ साली आगीत छापखाना नष्ट झाला.

ही छपाई दगडावरची. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने चित्र काढायचे, शिळा ओली करायची. शाई तेलकट भागालाच धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. जरा सरकला की लक्ष्मीचे ओठ गालावर! रुळांचे १६७६ मिलिमीटर गेज रोज तपासणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कारागिरांचे कष्ट चटकन कळतात.

व्यापाऱ्यांना या चित्रांचा उपयोग लवकर उमगला. नुसती जाहिरात कोणी भिंतीवर लावत नाही, देव मात्र लावतात. शिवाय देवाचे चित्र रद्दीत टाकता येत नाही. १९२८ सालच्या वुडवर्ड्स ग्राइप वॉटरच्या कॅलेंडरसाठी कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी बाळकृष्ण रंगवला होता. बाळाच्या पोटदुखीचे औषध आणि बाळकृष्ण, यापेक्षा चांगली जोडी कोणती?

पण ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट झाली. वर्ध्याच्या कापडवाल्याला स्वतःचे रंगीत चित्र छापणे कुठून परवडणार? त्याची सोय त्या पट्टीने केली. चित्रे हजारोंनी एकदम छापली जात आणि खालची जागा कोरी सोडली जाई. गावातला छापखानेवाला खिळे जुळवून ट्रेडल मशीनवर त्या जागेत दुकानाचे नाव छापून देई. शे-दोनशे पुठ्ठेसुद्धा करता येत. पुढे हा धंदा शिवकाशीने मोठा केला. तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर १९२२ साली काडेपेट्यांचे काम शिकायला कलकत्त्याला गेले होते. काडेपेटीला लेबल लागते, म्हणून गावात छपाई आली आणि छपाईबरोबर कॅलेंडरेही.

आता आमच्या लक्ष्मीचे काय झाले ते सांगतो. एका बदलीच्या वेळी पुठ्ठ्याच्या कडा गेल्या म्हणून मी तो फ्रेमवाल्याकडे दिला. त्याने तयार फ्रेमच्या मापात बसवायला खालची पट्टी कापून टाकली. "भगवान तो पूरे हैं ना, साहब?" तो म्हणाला. चूक माझीच, मी आधी सांगायला हवे होते. बाबांनी फ्रेम हातात घेतली, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता भिंतीवर टांगली. आज बाबा नाहीत. दुकानाच्या नावापुढे 'आणि मंडळी' होते की 'आणि कंपनी', हे मला सांगणारे कोणी उरले नाही.

सेठजींनी अर्ध्या पानाची जाहिरात दिली. अट एकच: वर बाप्पाचे चित्र आणि खाली पट्टीत दादाजींचे नाव. प्रूफ आले की ती पट्टी मी स्वतः पट्टीने मोजणार आहे.